‘सेफ्टी’ नावाची सायकल आणि १९६२ चे विसरलेले मानक

सायकलच्या नावात एकेकाळी ‘सेफ्टी’ हा शब्द होता. १८७० च्या दशकात ब्रिटनमध्ये जी सायकल लोकप्रिय होती, तिचे पुढचे चाक प्रचंड मोठे आणि मागचे अगदी लहान असे. त्यामागे कारण होते. पायडल थेट पुढच्या चाकाच्या आसाला जोडलेले असल्यामुळे पायाच्या एका फेऱ्यात चाकाचाही एकच फेरा होई. अधिक अंतर कापायचे तर चाकच मोठे करणे भाग होते. त्यामुळे स्वार जवळजवळ दीड मीटर उंचीवर, पुढच्या आसाच्या माथ्यावर बसे. चाकाला दगड लागला की सायकल थांबे आणि स्वार हँडलवरून तोंडघशी जमिनीवर येई. १८८५ मध्ये कोव्हेंट्री येथील जॉन केंप स्टार्ली यांनी ‘रोव्हर’ ही सायकल आणली. साखळी आणि दातेरी चक्रे यांच्या साहाय्याने पायाची शक्ती मागच्या चाकाकडे नेली, तेव्हा चाकाचा आकार आणि वेग यांची गाठ सुटली. चाके जवळजवळ सारख्या मापाची झाली, स्वाराचा गुरुत्वमध्य खाली आला आणि त्याचे पाय जमिनीला टेकू लागले. या नव्या यंत्राला लोक ‘सेफ्टी बायसिकल’ म्हणू लागले. १८८८ मध्ये जॉन बॉइड डनलॉप यांनी हवेचा टायर आणला आणि आज आपण ओळखतो ती सायकल जवळपास पूर्ण झाली.

त्यानंतर एकशे चाळीस वर्षे लोटली, पण सायकलच्या मूळ रचनेत फारसा फरक पडलेला नाही. स्वार सायकलवरून पडून जिवाला मुकतो ही भीती स्टार्ली यांच्या पिढीनेच बरीचशी संपवली. तरीही केंद्रीय रस्ते वाहतूक व महामार्ग मंत्रालयाच्या २०२२ च्या अहवालात, त्या वर्षी देशात रस्ते अपघातांत मरण पावलेल्या १,६८,४९१ व्यक्तींमध्ये सुमारे ४,८०० सायकलस्वार आहेत. म्हणजे दिवसाला सरासरी तेरा. यंत्र सुरक्षित असताना हे मृत्यू कोठून येतात, आणि ते रोखण्याचे ज्ञान आपल्याकडे केव्हापासून होते, हा या लेखाचा विषय आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सायकल भारतात आली ती साहेबाची आणि सधन वर्गाची हौस म्हणून. कोलकात्यात सायकलींचा व्यापार करणारे उद्योजक हेमेंद्रमोहन बसू यांनी जगदीशचंद्र बोस आणि प्रफुल्लचंद्र राय या दोन शास्त्रज्ञांना सायकल शिकवली, अशी आठवण बंगालमध्ये सांगितली जाते. स्वातंत्र्यानंतर चित्र पालटले. मद्रासजवळ अंबत्तूर, आसनसोल, सोनीपत आणि लुधियाना येथे कारखाने उभे राहिले आणि सायकल ही गिरणी कामगाराची, शिक्षकाची, पोस्टमनची, दूधवाल्याची झाली. थुंबा येथील केंद्रावर अग्निबाणाचा भाग सायकलच्या कॅरिअरवर लादून नेला जात असल्याचे १९६० च्या दशकातील छायाचित्र आजही आपल्या अवकाश कार्यक्रमाची ओळख म्हणून दाखवले जाते. पुण्याला तर ‘सायकलींचे शहर’ हेच नाव पडले होते.

त्या काळातील शहरी नियम पाहिले तर त्यांचा रोख बहुतांशी स्वारावरच दिसतो. रात्री दिवा हवा, घंटी हवी, डबलसीट बसू नये, नगरपालिकेचा कर भरून बिल्ला लावावा. बिनदिव्याची सायकल पोलिसाने अडवल्याच्या आठवणी जुन्या पिढीत घरोघरी ऐकायला मिळतात. हे नियम चुकीचे नव्हते. रस्त्यावर मोटारी थोड्या आणि वेग बेताचे असताना दिवा व घंटी यांनी बरेच काम भागत असे. मात्र मोटारींची संख्या वाढली की सायकलला रस्त्यावर स्वतःची जागा लागेल, हे आपल्या अभियंत्यांनी फार लवकर ओळखले होते.

इंडियन रोड्स काँग्रेस ही देशातील रस्तेबांधणीची मानके ठरवणारी संस्था. तिने सायकल-मार्गांच्या रचनेसाठी एक मानक प्रसिद्ध केले. त्याचा क्रमांक ‘आयआरसी ११’ आणि वर्ष १९६२. त्यातील कसोटी साधी आहे. गर्दीच्या वेळी एखाद्या रस्त्यावरून तासाला १०० ते २०० मोटार-वाहने जात असतील आणि सायकली ४०० किंवा अधिक असतील, तर तेथे स्वतंत्र सायकल-मार्ग द्यावा. मोटार-वाहनांची संख्या तासाला २०० च्या वर गेली, तर सायकली केवळ १०० असल्या तरी स्वतंत्र मार्ग समर्थनीय ठरतो. मार्गाची किमान रुंदी २ मीटर. या दोन वाक्यांतील तर्क लक्षात घेण्यासारखा आहे. मोटारी वाढल्या की सायकलस्वारांची गर्दी कमी असली तरी त्यांना वेगळी जागा हवी; कारण धोका सायकलींच्या संख्येतून नव्हे, मोटारींच्या संख्येतून आणि वेगातून निर्माण होतो. त्याच सुमारास आकाराला येत असलेल्या चंदीगडमध्ये ल कॉर्ब्युझिए यांनी रस्त्यांची सात प्रकारांत उतरंड लावली होती. पुढे तिच्यात सायकलींसाठी ‘व्ही-८’ हा आठवा प्रकार जोडण्यात आला.

म्हणजे मानक होते, त्याचा नमुनाही होता. पुढील काही दशकांत बहुतेक शहरांत मात्र उलट घडले. रस्ते रुंद झाले, चौकांवर उड्डाणपूल आले, पदपथ आक्रसले आणि सायकलस्वार रस्त्याच्या डाव्या कडेला, उभ्या गाड्या आणि धावत्या बस यांच्यामधल्या चिंचोळ्या पट्टीत ढकलला गेला. रस्त्याची ‘क्षमता’ मोजताना किती वाहने गेली हे मोजले जाई. किती माणसे गेली हे मोजले जात नसे. माणसांच्या वाहतुकीला वाहनांपेक्षा प्राधान्य द्यावे, हे तत्त्व राष्ट्रीय धोरणात स्पष्ट शब्दांत यायला २००६ चे राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरण उजाडावे लागले.

या मधल्या काळात धोक्याचे शास्त्र समजावून घेण्याचे काम आयआयटी दिल्लीत चालू होते. प्रा. दिनेश मोहन हे मूळचे जैवयांत्रिकीचे अभ्यासक. आघात झाला असता मानवी शरीराचे काय होते, हा त्यांचा विषय. प्रा. गीतम तिवारी या वाहतूक नियोजनाच्या अभ्यासक. पाश्चात्त्य देशांची सूत्रे आपल्या रस्त्यांना जशीच्या तशी लावता येणार नाहीत, कारण आपल्या रस्त्यावर एकाच वेळी ट्रक, बस, रिक्षा, हातगाडी, सायकल आणि पादचारी असतात, हे त्यांनी मोजमापांनी दाखवले.

त्यांचे एक संशोधन विशेष उद्बोधक आहे. दोन वाहने एकमेकांच्या इतकी जवळ येतात की एकाने ब्रेक लावला नाही किंवा वळण घेतले नाही तर टक्कर ठरलेली, अशा प्रसंगाला वाहतूकशास्त्रात ‘संघर्ष’ म्हणतात. असे संघर्ष जेथे जास्त, तेथे प्राणघातक अपघातही जास्त असतील, असे आपल्यालाही सहज वाटेल. तिवारी, मोहन आणि त्यांच्या सहकाऱ्याने दिल्लीतील १४ ठिकाणी निरीक्षणे केली आणि १९९८ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. संघर्षांची संख्या आणि प्राणघातक अपघात यांचा संबंध क्षीण निघाला. गजबजलेल्या, गोंधळाच्या रस्त्यावर क्षणोक्षणी कोणी कोणाच्या आडवे येते; परंतु तेथे सर्वांचाच वेग कमी असतो आणि डोळ्याला डोळा भिडवून वाट काढली जाते. मृत्यू गाठतो तो बहुधा मोकळ्या, वेगवान रस्त्यावर. दिल्लीतील अपघातांच्या नोंदींनीही हेच सांगितले की पादचारी व सायकलस्वार यांचे बळी घेण्यात बस आणि ट्रक यांचा वाटा मोठा होता.

हे का, हे शाळेतल्या भौतिकशास्त्राने समजते. गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. म्हणून ताशी ५० किलोमीटरने जाणाऱ्या मोटारीची ऊर्जा ताशी ३० किलोमीटरने जाणाऱ्या त्याच मोटारीच्या पावणेतीन पट असते. थांबण्याचे अंतर पाहिले तर फरक अधिकच ठळक होतो. समजा, चालकाला धोका दिसल्यापासून ब्रेक लावेपर्यंत १ सेकंद जातो आणि कोरड्या रस्त्यावर चांगला ब्रेक वेग दर सेकंदाला सेकंदामागे ७ मीटरने घटवतो. ताशी ३० च्या वेगात पहिल्या सेकंदात मोटार सुमारे ८ मीटर पुढे जाते आणि त्यानंतर ५ मीटरमध्ये थांबते. एकूण १३ मीटर. ताशी ५० च्या वेगात पहिल्या सेकंदातच ती सुमारे १४ मीटर गेलेली असते आणि ब्रेक तेव्हा कोठे लागू लागतो. म्हणजे १४ मीटरवर अचानक सायकलस्वार आडवा आला, तर ३० ची मोटार त्याच्या अलीकडे थांबते आणि ५० ची मोटार जवळजवळ पूर्ण वेगाने त्याला धडकते. चालक दोन्हीकडे तितकाच सावध आहे. फरक फक्त वेगाचा आहे. जेथे पादचारी व सायकलस्वार मोटारींच्या सान्निध्यात वावरतात, तेथे वेगमर्यादा ताशी ३० किलोमीटर असावी, या २०२० च्या स्टॉकहोम जाहीरनाम्यातील आग्रहामागे हेच गणित आहे. आपल्याकडे २०१८ च्या केंद्रीय अधिसूचनेने महापालिका हद्दीतील मोटारींसाठी कमाल मर्यादा ताशी ७० किलोमीटर ठरवली होती, हे येथे आठवावे.

शास्त्राने दाखवलेला मार्ग प्रत्यक्षात आणण्याचा एक मोठा प्रयत्न दिल्लीत झाला. एप्रिल २००८ मध्ये आंबेडकर नगर ते मूलचंद हा ५.८ किलोमीटरचा बीआरटी मार्ग सुरू झाला. मधोमध बससाठी राखीव मार्गिका, मग मोटारी आणि डाव्या बाजूला सायकलींसाठी वेगळा मार्ग व पदपथ, अशी रचना होती. सायकलींना वेगळी जागा दिली तर डावी मार्गिका मोकळी होते आणि सर्वांचीच वाहतूक सुधारते, हा तिवारी यांचा युक्तिवाद तिच्या मुळाशी होता. रचनेत उणिवा नव्हत्या असे नाही; सिग्नलवर मोटारींच्या रांगा लागत आणि सायकलींच्या मार्गात मोटारसायकली शिरत. मोटारचालकांचा रोष न्यायालयापर्यंत गेला. ऑक्टोबर २०१२ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने हा मार्ग बंद करण्याची मागणी फेटाळली. तरीही २०१५ मध्ये राज्य सरकारने तो मोडण्याचा निर्णय घेतला आणि पुढच्या वर्षी तो उखडला गेला. दरम्यान, ऑक्टोबर २०१३ मध्ये पर्यावरणतज्ज्ञ सुनीता नारायण यांना त्याच शहरात सकाळी लवकर सायकलवरून जात असताना भरधाव मोटारीने धडक दिली आणि त्या गंभीर जखमी झाल्या. एका नामवंत व्यक्तीच्या अपघातामुळे काही दिवस चर्चा झाली. असेच अपघात सोसणाऱ्या कामगारांची नावे वर्तमानपत्रांत क्वचितच येतात.

कोलकात्याने वेगळी वाट धरली. ज्या शहरात बोस आणि राय यांच्या सायकल शिकण्याच्या आठवणी सांगितल्या जातात, तेथे २००८ पासून काही प्रमुख रस्त्यांवर सायकलींना मनाई करण्यात आली आणि २०१३ मध्ये अशा रस्त्यांची संख्या १७४ झाली. वाहतुकीचा वेग आणि सुरक्षितता ही कारणे दिली गेली. परंतु दूध, वर्तमानपत्रे आणि भाजी घरोघर पोहोचवणारा माणूस मनाईमुळे सायकल सोडून मोटारीत बसत नाही. तो दंड भरतो, लांबचा वळसा घेतो किंवा चालत जातो. धोक्याचे कारण जागेवर राहते आणि धोका सोसणारा तेवढा रस्त्यावरून हटवला जातो. या निर्णयावर टीका झाली, मनाईच्या रस्त्यांची संख्या पुढे कमीही करण्यात आली; मात्र त्यामागची विचारसरणी केवळ कोलकात्याची नाही. सायकल हा वाहतुकीतला अडथळा आहे, असे मानणारे नियोजन अनेक शहरांत दिसते.

ही विचारसरणी कोणाला बाहेर ठेवते, हे २०११ च्या जनगणनेतून कळते. शेती व घरगुती उद्योग वगळता इतर कामगारांपैकी सुमारे १३ टक्के लोक कामावर सायकलने जात होते. मोटारीने जाणारे ३ टक्क्यांच्याही आत होते. यांतील बहुतेकांना सायकल ही निवड नव्हे, गरज आहे. मुलींच्या बाबतीत तर सायकलचा अर्थ आणखी मोठा होतो. बिहार सरकारने २००६ मध्ये नववीत प्रवेश घेणाऱ्या मुलींना सायकलसाठी पैसे देण्याची योजना आणली. कार्तिक मुरलीधरन आणि निशीथ प्रकाश यांच्या अभ्यासानुसार त्यामुळे माध्यमिक शाळेत योग्य वयात दाखल होणाऱ्या मुलींचे प्रमाण ३२ टक्क्यांनी वाढले आणि मुला-मुलींमधील तफावत ४० टक्क्यांनी घटली. गावात शाळेपर्यंत सायकलने गेलेली हीच मुलगी महाविद्यालयासाठी शहरात येते, तेव्हा घरचे तिला सायकल देण्यास कचरतात. रस्ता धोक्याचा आहे, एवढे एक कारण त्यांना पुरते, आणि ते कारण खोटे नसते.

रस्ते बदलेपर्यंत स्वाराने काय करावे? संशोधनाचा आणि रस्त्याच्या भूमितीचा विचार केला तर काही गोष्टी निश्चितपणे सांगता येतात. आपल्याकडे चालक उजव्या बाजूला बसतो. त्यामुळे ट्रक व बसच्या डावीकडचा मोठा भाग त्याला दिसत नाही. सिग्नलला उभ्या असलेल्या अवजड वाहनाच्या डावीकडून पुढे घुसणे, विशेषतः ते डावीकडे वळणार असेल तर, सर्वांत घातक. अशा वेळी मागे थांबणेच श्रेयस्कर. कडेला उभ्या असलेल्या मोटारींपासून निदान एक मीटर अंतर राखावे. अचानक उघडलेले दार सायकलस्वाराला थेट मागून येणाऱ्या वाहनापुढे फेकते. दोन उभ्या गाड्यांच्या मधल्या रिकाम्या जागेत आत-बाहेर करण्यापेक्षा सरळ रेषेत चालवावे, म्हणजे मागच्या चालकाला आपली पुढची हालचाल ओळखता येते. वळण्यापूर्वी मागे पाहावे आणि हात दाखवावा. उलट दिशेने कधीही जाऊ नये, कारण तेव्हा दोन्ही वाहनांचे वेग एकमेकांत मिळतात. अंधारात पुढे पांढरा आणि मागे लाल दिवा हवाच. सायकलींवरील प्रकाशपरावर्तकांसाठी केंद्र सरकारने २०२० मध्ये गुणवत्ता-नियंत्रण आदेश काढला; तरी परावर्तक दुसऱ्याच्या दिव्यावर अवलंबून असतो, म्हणून त्यावर विसंबून स्वतःचा दिवा टाळू नये. हेल्मेट पडताना डोक्याला होणारी इजा कमी करते. ते जरूर घालावे. भरधाव बसच्या धडकेपासून वाचवणे मात्र त्याच्या शक्तीबाहेरचे आहे.

सुरक्षिततेचा आणखी एक घटक एकट्या स्वाराच्या हाती नसतो. तो म्हणजे संख्या. पी. एल. जेकबसन यांनी २००३ मध्ये कॅलिफोर्निया, डेन्मार्क आणि युरोपातील इतर देशांच्या आकडेवारीवरून दाखवले की सायकलस्वारांची संख्या दुप्पट झाली तर इजा दुप्पट होत नाहीत. त्या सुमारे एक तृतीयांशाने वाढतात. म्हणजे प्रत्येक स्वाराची जोखीम घटते. सायकली नजरेला सवयीच्या झाल्या की चालकाचे वर्तन बदलते, हे त्याचे संभाव्य स्पष्टीकरण. या दृष्टीने पाहता सायकलींना मनाई करणारे शहर उरलेल्या सायकलस्वारांची जोखीम वाढवत असते.

गेल्या काही वर्षांत हालचाल दिसू लागली आहे. पुणे महापालिकेने २०१७ मध्ये सर्वंकष सायकल आराखडा मंजूर केला. टाळेबंदीच्या काळात, २०२० मध्ये, केंद्रीय गृहनिर्माण व नागरी व्यवहार मंत्रालयाने शहरांसाठी ‘इंडिया सायकल्स फॉर चेंज’ ही स्पर्धा जाहीर केली. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने कलम १३८ (१अ) आले. त्यानुसार पादचारी व बिगर-मोटार वाहनांसाठी नियम करण्याचा अधिकार राज्यांना मिळाला. ऑक्टोबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राज्यांना असे नियम सहा महिन्यांत करण्याचे निर्देश दिले. आराखडे, स्पर्धा आणि कलमे यांचे मोल त्यांतून रस्त्यावर काय उतरते, यावरच ठरेल.

ते तपासण्याचे साधन १९६२ पासून आपल्या हाती आहे. विद्यार्थ्यांनी हा प्रयोग अवश्य करावा. आपल्या महाविद्यालयाजवळच्या मुख्य रस्त्याच्या पदपथावर गर्दीच्या वेळी एक तास उभे राहावे. एकाने मोटार-वाहने मोजावीत, दुसऱ्याने सायकली. मोटार-वाहनांचा आकडा २०० ओलांडायला बहुतेक शहरांत काही मिनिटेच लागतील. तासाअखेर सायकली १०० भरल्या, तर त्या मानकानुसार तेथे किमान २ मीटर रुंदीचा स्वतंत्र सायकल-मार्ग असायला हवा. तो आहे का, असल्यास त्यावर काय उभे आहे, हेही लिहून घ्यावे. तारीख, वेळ, ठिकाण आणि दोन आकडे असलेला तो कागद आपल्या महापालिकेच्या रस्ते विभागाकडे द्यावा आणि पोच घ्यावी.